पूर्ववैमनस्य : वैर कोणाचे, रक्त कोणाचे?

१

खुनाची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यात एक शब्द बहुधा ठरलेला असतो : ‘पूर्ववैमनस्यातून’. पोलिसांच्या कागदातून तो बातमीत येतो, बातमीतून चावडीवर आणि चहाच्या टपरीवर जातो, आणि पुष्कळदा निकालपत्रातही जाऊन बसतो. तो एकदा उच्चारला की पुढचे प्रश्न आपोआप थांबतात. हे वैमनस्य कोणाचे होते, किती पिढ्यांचे होते, त्यात दोन्ही बाजूंची किती माणसे पडली, हे कोणी विचारीत नाही. दोन घरांचे जुने भांडण होते, त्यातून रक्त सांडले, असे म्हणून वाचक पान उलटतो.

मरणारा पाटलाचा भाऊबंद असो की गावकुसाबाहेरचा मजूर असो, शब्द तोच. या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात, असे माझे म्हणणे आहे. दोन घराण्यांतले रक्ताचे वैर ही एक गोष्ट. जातीच्या जोरावर केलेली हत्या ही दुसरी. पहिलीला मराठी इतिहासात, नाटकात, कादंबरीत आणि सिनेमात मानाचे पान मिळाले. दुसरीला स्वतःचे नाव मिळू नये म्हणून पहिलीचे नाव तिला चिकटवले जाते. हे कसे घडले, आणि दलित साहित्याने व चळवळीने त्याला काय उत्तर दिले, हे या लेखात पाहायचे आहे.

२

कागल तालुक्यात राहणाऱ्याला घराण्यांचे वैर पुस्तकात शोधावे लागत नाही. तालुक्यातल्या एका गावाचे नावच सेनापती कापशी. संताजी घोरपड्यांच्या घराण्याचे हे गाव. औरंगजेबाच्या सरदारांनी ज्याची धास्ती घेतली असा हा सेनापती अखेर मराठ्याच्याच हातून मारला गेला. इतिहासग्रंथांतून येणारी हकिकत अशी : जिंजीच्या बाजूला संताजी आणि धनाजी जाधव यांच्यात चकमक झाली. धनाजीच्या पक्षाचा अमृतराव निंबाळकर तीत संताजीच्या हाती सापडला आणि संताजीने त्याला हत्तीच्या पायी दिले. अमृतरावाची बहीण म्हसवडच्या नागोजी माने याला दिलेली होती. भावाच्या मरणाचा सूड घ्या, असा तिने नवऱ्यामागे लकडा लावला, आणि १६९७ साली शंभू महादेवाच्या डोंगराळ मुलखात संताजीला गाठून मारण्यात आले.

घोरपड्यांच्याच मुधोळ शाखेचे आणि भोसल्यांचे वैर याहून जुने. १६४८ साली शहाजीराजांना कैद करण्यात बाजी घोरपडे याचा हात होता. १६६४ साली शिवाजीराजांनी मुधोळवर चाल करून बाजीला मारले. आणि कोल्हापूरकर व पटवर्धन यांचे वैर तर आपल्या उंबऱ्यावरच लढले गेले. १७९९ साली चिकोडी-निपाणीच्या मुलखात पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांच्या फौजेकडून मारले गेले.

या वैरांच्या मुळाशी बहुतेक वेळा वतन आणि मान या दोन गोष्टी सापडतात. देशमुखी कोणाची, पाटीलकीत वडील शाखा कोणती, होळीची पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाला द्यायचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. आज आपल्याला हसू येईल, पण त्या समाजात मान म्हणजे जमिनीवरच्या हक्काचा पुरावा होता. विडा गेला की उद्या वतनही जाणार, हे प्रत्येक वतनदाराला ठाऊक होते. म्हणून विड्यावरून तलवार निघे. सरंजामी वैराला आपण रक्ताच्या उसळण्याचे नाव देतो. त्याच्या पोटात मालमत्तेचा हिशेब असतो.

या साऱ्यात आपली माणसे कोठे होती? ती होतीच. पटवर्धनांच्या फौजेत कळंबीचा शिदनाक महार होता. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत त्याने परशुरामभाऊंचा जीव वाचवला अशी हकिकत सांगतात. त्याच हकिकतीत असेही येते की, त्याचा तंबू आपल्या तंबूंजवळ नको म्हणून इतरांनी तक्रार केली होती. दुसऱ्याच्या वैरात मरायला शिदनाक चालतो, पण त्याच्या तंबूची सावली चालत नाही. गावोगावी हेच होते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची, पण ज्या जमिनीच्या शिवेची तो साक्ष देई ती त्याची नसे. पाटलाच्या वाड्यावर हल्ला झाला तर पहिला वार अंगावर घेण्याचे काम त्याचे, आणि वैर मिटले तर पंगतीच्या बाहेर बसण्याचे कामही त्याचेच.

३

रक्ताच्या वैराचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट वारंवार दाखवून दिली आहे : वैराला नियम असतात. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४० साली सुदानमधल्या नुएर लोकांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्यात खून झाला की मृताचे भाऊबंद सुडाला उभे राहतात, मध्यस्थ मधे पडतो, गुरेढोरे देऊन रक्ताची भरपाई होते आणि दोन्ही घरे पुन्हा एका रानात गुरे चारू लागतात. अल्बानियाच्या डोंगरी मुलखातल्या अशाच रिवाजावर इस्माइल कादारे यांची एक कादंबरी आहे. तिच्यात वैऱ्याला मारणारा तरुण रिवाजाप्रमाणे त्याच वैऱ्याच्या प्रेतयात्रेला आणि जेवणालाही जातो, आणि मग ठरलेल्या मुदतीनंतर स्वतःच्या मरणाची वाट पाहतो. हा सारा क्रूर कारभार आहे यात शंका नाही. पण त्या क्रूरतेतही समोरच्याला माणूस मानलेले असते. त्याच्या रक्ताची किंमत माझ्या रक्ताएवढी आहे, हे मान्य केल्याशिवाय वैर चालूच शकत नाही.

ज्याच्या रक्ताला किंमत नाही त्याच्याशी वैर होत नाही. जुन्या इंग्लंडच्या कायद्यात प्रत्येक दर्जाच्या माणसाच्या जिवाची किंमत ठरलेली असे आणि खुन्याने ती मृताच्या नातलगांना द्यायची असे. गुलाम मारला गेला तर भरपाई त्याच्या मालकाला मिळे, जसे बैल मेल्यावर बैलाच्या धन्याला मिळावे तसे. गुलामाची बायको आणि मुले त्या हिशेबात नसत.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्या मुधोळच्या घोरपड्याला शिवाजीराजांनी मारले, त्याच्याच मुलाला, मालोजीला, त्यांनी १६७७ साली पत्र लिहून मागचे वैर विसरण्याचे आवाहन केले. तेरा वर्षांपूर्वी ज्याचा बाप मारला त्याला पत्र लिहिता येते, कारण तो बरोबरीचा आहे, त्याच्या येण्याने बळ वाढणार आहे. आता महारवाड्याकडे पाहा. शतकानुशतके झालेल्या हत्यांबद्दल, धिंडींबद्दल, तोडलेल्या हातापायांबद्दल कोणत्या वाड्यातून कोणत्या झोपडीला असे पत्र गेले? वैर मिटवण्याची भाषा तेथे वापरावीच लागली नाही, कारण वैर आहे असे वाड्याने कधी मानलेच नव्हते. त्याच्या लेखी ती शिक्षा होती. मालक जनावराला मारतो तेव्हा तो वैर काढीत नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समाजरचनेला पायरीपायरीची विषमता म्हटले. या जिन्यावर एकाच पायरीवरचे दोघे एकमेकांचे वैरी होऊ शकतात. वरच्या पायरीवरचा खालच्यावर करतो तो अत्याचार, आणि खालचा वरच्यावर हात उचलतो तो माज. शब्दच तसे वाटून दिलेले आहेत.

४

मराठी साहित्याने हे शब्दांचे वाटप तसेच उचलले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ सालचे. १७७३ साली शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्याच्या खुनावर ते उभे आहे. राघोबा, आनंदीबाई, रामशास्त्री ही पात्रे मराठी प्रेक्षकाच्या घरची झाली. पुतण्याच्या रक्ताने महाराष्ट्र हळहळला, आणि सत्ताधीशाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा रामशास्त्री आपल्या न्यायबुद्धीचे प्रतीक ठरला. त्या न्यायबुद्धीचा मी अनादर करीत नाही. पण ज्या पेशवाईत हा न्याय उच्चारला गेला, तिच्यात अस्पृश्याच्या जिवाची दाद कोणत्या शास्त्र्यापुढे लागत होती, हा प्रश्न त्या हळहळीत कोठे येत नाही. एका वाड्यातले रक्त इतिहास झाले. वाड्याबाहेरचे मातीत जिरले.

पुढे ऐतिहासिक कादंबऱ्यांनी खानदानी वैराला आणखी झळाळी दिली. ग्रामीण कथा-कादंबरी आली तेव्हा वाटले, आता नजर खाली वळेल. काही प्रमाणात ती वळलीही. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची ‘टारफुला’ (१९६४) ही गावावरच्या पाटीलकीच्या सत्तेची आणि त्या सत्तेसाठी चाललेल्या झुंजीची समर्थ कादंबरी आहे. गावगाड्याची भीती तिच्यात इतकी खरी उतरली आहे की आमच्या भागातला वाचक तिच्यातली माणसे ओळखतो. तरी अशा कथांची ओढ एकाच प्रश्नाकडे असते : गाव कोणाच्या मुठीत जाणार? मूठ कोणाचीही असो, तिच्यात गाव राहणारच, हे गृहीत असते. मूठ बदलली तर महारवाड्याचे काय बदलले, हा प्रश्न कथेच्या बाहेर राहतो.

‘सामना’ हा १९७४ चा चित्रपट या बाबतीत अधिक जागा आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात साखरसम्राट हिंदुराव आणि गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर यांचा सामना आहे. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, हा एक प्रश्न मास्तर धरून बसतो आणि त्या प्रश्नाने सहकारातल्या सरंजामशाहीचे सिंहासन हलते. हा चित्रपटाचा मोठेपणा. पण मारुती कांबळे स्वतः आपल्यापुढे येतो तो मेलेला माणूस म्हणून, इतरांच्या आठवणीतून. सामना दोन जिवंत माणसांचा. कांबळे त्यांच्यामधला प्रश्न. त्याची बाजू मांडायला मास्तर यावा लागतो. कांबळ्यांच्या घरात त्या रात्री चूल पेटली की नाही, ते आपल्याला दिसत नाही.

२०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला तेव्हा अनेकांना रोमिओ आणि ज्युलिएट आठवले. तुलना वरवर ठीक, पण मुळात चुकीची आहे. शेक्सपिअर नाटकाच्या आरंभीच सांगून टाकतो की दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत. म्हणून तर मुलांच्या प्रेतांवर दोन्ही बाप हात मिळवू शकतात. ‘सैराट’मध्ये पाटलाच्या घरापुढे परशाचे घर उभेच राहू शकत नाही. आर्ची आणि परशाचा खून झाल्यावर परशाचे आईबाप सूड घेतील अशी शंकाही प्रेक्षकाच्या मनाला शिवत नाही, आणि समेटाचा तर प्रश्नच नाही. रक्ताने माखलेले लहान पाय घेऊन एक मूल बाहेर पडते आणि चित्रपट संपतो. मंजुळे यांनी वैराची गोष्ट सांगितलेली नाही. वैराच्या गोष्टीचा साचा घेऊन तो जातीपुढे कसा मोडतो, ते दाखवले आहे.

५

या साच्याला आतून धक्का देणारी पहिली मोठी मराठी कादंबरी माझ्या मते अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९). ती आपण शौर्याची कथा म्हणून वाचतो. ती तशी आहेच. पण वैर या अंगाने ती पुन्हा वाचली पाहिजे.

कादंबरीची सुरुवात दोन गावांच्या चुरशीने होते. शिगावला जोगणीची जत्रा भरते. जोगणी ज्या गावात जाईल तेथे जत्रा आणि भरभराट जाणार. वाटेगावचा रानोजी मांग जिवावर उदार होऊन ती जोगणी पळवून आणतो आणि शिगावच्या खोताच्या हातून मारला जातो. जोगणी वाटेगावला पोचते, पण रानोजीचा जीव त्या शिवेवर पडतो. ‘फकिरा’ शिकवताना वर्गात एक प्रश्न विचारावासा वाटतो : जोगणी कोणाची होती? जत्रा भरल्यावर मान कोणाचा? व्यापार कोणाचा? मांगवाड्याच्या वाट्याला काय आले? एका बाईचे वैधव्य आणि बापाविना वाढणारी मुले. वैर दोन गावांचे आणि रक्त एका मांगाचे. अण्णा भाऊ हे कोठेही ओरडून सांगत नाहीत. पण शिदनाकाची जी गोष्ट इतिहासाने तळटीप म्हणून टाकून दिली, तिलाच त्यांनी कादंबरीचा पाया केले.

आणखी मोठी गोष्ट पुढे आहे. सरंजामी कथेच्या रिवाजाप्रमाणे रानोजीच्या मुलाने बापाचा सूड घेणे हा शेवट व्हायला हवा. तसे होत नाही. बापाच्या खुनाची आठवण फकिराच्या मनात आहे, खोताशी हिशेबही आहे, पण कादंबरी तेथे थांबत नाही. दुष्काळ येतो. माणसे भुकेने मरू लागतात. फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो, आणि त्याची लढाई शिगावच्या खोताला मागे टाकून इंग्रज सरकारशी आणि भुकेशी जुंपते. शेवटी तो हाती लागतो तोही सरकारने कोंडलेल्या आपल्या माणसांना सोडवण्यासाठी, स्वतः चालत जाऊन. बापाच्या रक्तासाठी तलवार धरणारा मुलगा सगळ्यांच्या भाकरीसाठी ती धरू लागतो. घराण्याच्या वैरातून वर्गाच्या लढाईत जाण्याचा हा प्रवास अण्णा भाऊंनी कोणत्याही सिद्धान्ताचे ओझे न टाकता घडवला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, तलवारीला नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

६

लेखणीची ही वाट अण्णा भाऊंच्याही आधीची. पुराणातले सर्वांत मोठे रक्ताचे वैर परशुरामाचे. बापाच्या खुनाचा सूड म्हणून त्याने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, अशी कथा. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) ही कथा उलटी करून वाचली. परशुरामाशी झुंजून हरलेले ते महार, आणि महार म्हणजे ‘महाअरी’, मोठा शत्रू, असा अर्थ त्यांनी लावला. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होईल की नाही, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. जोतीरावांनी केले ते असे : ज्याला केवळ नीच म्हटले जात होते, त्याला त्यांनी शत्रूचा दर्जा दिला. शत्रू होण्याचा मान हा माणूस होण्याच्या मानाचा एक भाग असतो, हे त्या महात्म्याला कळले होते.

पण तेथून ते सुडाकडे गेले नाहीत. त्याच पुस्तकात त्यांनी चिरंजीव परशुरामाला नोटीस काढली. तुम्ही अमर आहात ना, मग अमुक मुदतीत हजर व्हा! मराठीतला हा एक अपूर्व विनोद आहे आणि त्याहून अपूर्व असा विचार आहे. हजारो वर्षांच्या रक्ताला जोतीरावांनी मागितलेले उत्तर म्हणजे हजेरी : समोर या, सर्वांच्या देखत, आणि आपला खरेपणा सिद्ध करा.

ग्रीकांच्या जुन्या नाटकात अशीच एक घटना आहे. एस्किलसच्या इसवी सनापूर्वी ४५८ सालच्या नाटकत्रयीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले सुडाचे चक्र अखेर अथेन्सच्या न्यायसभेत थांबते. युरोप त्या प्रसंगाला न्यायाचा जन्म मानतो. आपल्याकडे असा प्रसंग एखाद्या देवतेने घडवला नाही. तो महाडला घडला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर परतणाऱ्या लोकांवर सवर्णांच्या जमावाने हल्ला केला, त्यांची डोकी फोडली. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. त्यांना हत्यार नवे नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच आग लावली गेली ती मनुस्मृतीला. कोणाचे घर जाळले गेले नाही. आणि तळ्याचा दावा कोर्टात चालून मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! सूड एका रात्रीत घेता आला असता. हक्क मिळवायला दहा वर्षे लागली. पण त्या रात्रीच्या सुडाने पुढच्या शंभर वाड्या पेटल्या असत्या आणि वर्तमानपत्रांनी ‘दोन जमातींतील वैमनस्य’ असा मथळा दिला असता.

बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ही कथा मला याच परंपरेतली वाटते. जात लपवून राहिलेल्या तरुणाचे बिंग फुटते आणि त्याला मरेस्तोवर मारले जाते. त्याचा जातभाई सुरी घेऊन मदतीला येतो. सुडाच्या कथेला येथे सगळी सामग्री तयार आहे. पण मार खाल्लेला तरुण मारणाऱ्या माणसांकडे बोट दाखवीत नाही. आपल्याला मारले ते मनूने, अशा अर्थाचे तो बोलतो. या एका वळणाने बागुलांनी वैराचा पत्ता बदलला. वैर आता अमक्या घराशी नाही, त्या घराला आणि मला दोघांनाही घडवणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (१९८४) तर रक्त या कल्पनेलाच हात घातला. घराण्याचे वैर रक्ताच्या नात्यावर चालते. बापाचे रक्त मुलाच्या अंगात, म्हणून सुडाचा वारसा मुलाकडे. आणि ज्याच्या अंगात पाटलाचे रक्त आहे, पण ज्याला पाटलाचे नाव नाही, त्याने कोणत्या बाजूने लढायचे? गावोगावच्या वाड्यांनी महारवाड्यात आपले रक्त सोडले आणि मग रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा मारल्या. खानदानी वैराच्या साऱ्या कथा ज्या पायावर उभ्या आहेत, तो पायाच खोटा आहे, हे या आत्मकथनाने दाखवून दिले.

७

हे सारे साहित्यापुरते असते तर इतके लिहिण्याची गरज नव्हती. पण शब्द कोर्टात जातात.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजी गावात एका बौद्ध कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने ठार मारले. त्याआधी त्या कुटुंबाच्या एका नातलगाला मारहाण झाली होती आणि या आईने व मुलीने मारणाऱ्यांना ओळखून साक्ष दिली होती. अटक झालेले लोक जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड झाले. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्याला लावला नाही. हत्या सुडापोटी झाली, जातीमुळे नव्हे, असे कारण उच्च न्यायालयाने दिले.

सूड कशाचा? एका दलित बाईने साक्ष दिली, त्याचा. गावातल्या बरोबरीच्या घरातली बाई साक्षीला उभी राहिली असती, तर सारे गाव तिच्या घरावर चालून गेले असते काय? आणि तिचा नवरा दुसऱ्या दिवशी आपले भाऊबंद घेऊन उलट चालून जाऊ शकला असता काय? ही दोन उत्तरे मिळाली की वैर कोणते आणि अत्याचार कोणता, हे कळते. जे एकाच बाजूने चालते, ज्यात एकाच बाजूची प्रेते पडतात, त्याला वैर म्हणता येत नाही. ती जातीने आपल्या नियमाची केलेली अंमलबजावणी असते. जमिनीचे भांडण, वाटेचे भांडण, पाण्याचे भांडण ही कारणे खोटी असतात असे मी म्हणत नाही. ती खरीच असतात. पण त्या भांडणात एका बाजूला कोणतीही किंमत न मोजता सारे घर संपवण्याची हिंमत येते कोठून, याचे उत्तर जमिनीत सापडत नाही. ते जातीत सापडते.

१९८९ च्या कायद्यातले मोठ्या शिक्षेचे कलम असे होते की, बळी पडलेली व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला हे सिद्ध व्हावे लागे. त्यामुळे जुने वैमनस्य दाखवले की आरोपीचे काम होई. २०१५ सालच्या दुरुस्तीने, बळी पडलेल्याची जात माहीत असताना गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरवले. ही दुरुस्ती आपोआप आली नाही. खैरलांजीनंतर रस्त्यावर उतरलेल्या माणसांचा आणि निकालपत्रे ओळीओळीने वाचणाऱ्या कार्यकर्त्या वकिलांचा तिच्यात वाटा आहे. मला ती जोतीरावांच्या नोटिशीची पुढची ओळ वाटते. पण कायद्यातला शब्द बदलला तरी ठाण्यातला शब्द लगेच बदलत नाही. फिर्याद लिहिताना ‘पूर्ववैमनस्य’ हा शब्द आजही सर्वांत आधी सुचतो, आणि एकदा तो पहिल्या कागदावर आला की पुढचा खटला त्याच्याच मागून चालतो.

८

शेवटी स्वतःकडे पाहिले पाहिजे. कागलच्या राजकारणाला लोक कौतुकाने राजकारणाचे विद्यापीठ म्हणतात. येथे गावोगावी गट आहेत, गटाप्रमाणे घरे वाटलेली आहेत, दूध कोणत्या डेअरीला घालायचे आणि ऊस कोणत्या कारखान्याला, हेही गटावर ठरते. घराण्यांच्या जुन्या वैराची ही लोकशाहीतली आवृत्ती आहे. तलवार गेली, मतपेटी आली, एवढा फरक चांगलाच. पण आमच्या वस्तीतली पोरेही या गटाची की त्या गटाची म्हणून एकमेकांची डोकी फोडतात, पोलिसांत नावे त्यांची लागतात आणि निवडणूक संपल्यावर नेते एका मांडवात जेवतात, तेव्हा मला रानोजी आठवतो. जोगणी कोणाची, हा प्रश्न आपण विचारायचे विसरलो आहोत.

याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहूंनी १९१८ साली आपल्या संस्थानातले महार वतन खालसा केले. त्याचा अर्थ आपण नीट समजून घेतला नाही. वतनी महार म्हणजे हुकमाचा ताबेदार, दुसऱ्याच्या भांडणात धावणारा. त्या धावण्यातून सुटका व्हावी म्हणून ते वतन गेले. आता हुकूम नसताना आपण धावत असू, तर तो दोष वतनाचा नाही.

आपल्या चळवळीतही भाऊबंदकी काही कमी नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या किती चिरफळ्या झाल्या याची मोजदाद वाचकांनीच करावी. १९७२ ची दलित पँथर पाच वर्षांत विसर्जित झाली. महार-मांगांच्या मानपानाचे जुने तंटे नव्या नावांनी पुन्हा पेटवले जातात. एकाच पायरीवरचे लोक एकमेकांशी भांडतात, कारण तेथेच भांडण परवडते. वरच्या पायरीशी झुंज महाग असते.

तेव्हा काम दुहेरी आहे. जेथे वैर नाही तेथे वैर हा शब्द चालू द्यायचा नाही. कार्यकर्त्यांनी ठाण्यात फिर्याद लिहिली जात असताना जवळ बसावे, शब्द वाचावेत, चुकीचा शब्द तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावा. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी खानदानी वैराच्या कथा वाचताना विचारावे की रक्त कोणाचे सांडले आणि विडा कोणाला मिळाला. आणि जेथे आपण स्वतःच दुसऱ्याचे वैर आपले म्हणून लढत आहोत, तेथून बाजूला व्हावे.

सेनापती कापशीचे नाव महाराष्ट्रभर गेले ते संताजीच्या नावाने, आणि दुसरे कापशी चपलेमुळे. ती चप्पल ज्यांनी घडवली त्या चर्मकारांची नावे कोणत्या बखरीत नाहीत. वैराचा इतिहास लिहिणारे भरपूर झाले. या दुसऱ्या नावांचा इतिहास लिहायचा राहिला आहे, आणि तो लिहायला कोणाचा हुकूम लागत नाही.